दुहेरी कप्प्यांची जोडी : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात शरबती गव्हाचे ५० किलोचे पोते आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोर अडकले आणि ते वर येईना की खाली जाईना, कारण वरच्या आणि खालच्या कप्पीमधल्या दोराच्या चारही सरींची (पदरांची) वेणी झाली होती. भाचा खिडकीतून झाडूच्या दांड्याने पोते उलटे फिरवत होता आणि मी खाली दोर धरून कप्प्या विकणाऱ्या दुकानदाराच्या नावाने बोटे मोडत होतो.

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घराचा जिना अरुंद आहे आणि हमाल मजल्यागणिक दर वाढवतात, म्हणून दसऱ्याच्या सुमारास सियागंजातून मी दोन-दोन चाकांच्या कप्प्यांची ही जोडी आणली. भार चार सरींवर विभागला जातो, म्हणून ओढ चौथाई लागते, हे सर्वांनी शाळेत शिकलेले असते. त्याबदल्यात दोर चौपट ओढावा लागतो, हे मात्र अंगणात उभे राहिल्यावरच अंगी लागते. गच्ची ९ मीटर उंच असल्यामुळे दर पोत्यामागे ३६ मीटर दोर हातांखालून जातो आणि त्याचा ढीग शेजाऱ्यांच्या स्कूटरला वेढा घालतो.

हिशोबाने ओढ १२.५ किलोची हवी होती, पण स्प्रिंगच्या काट्याने मोजली तेव्हा ती १८ भरली. प्रत्येक चाकाचे कोरडे बुश (आसाभोवतीची नळी) आपला वाटा खाते आणि चाके चार आहेत. ग्रीस भरल्यावर काटा १६ वर आला. गंमत अशी की, पोते खाली सोडताना हेच घर्षण आपल्या मदतीला येते आणि १० किलोच्या ओढीने ते सावरले जाते. वरच्या हुकाचा विचार मात्र अवश्य करावा : त्यावर पोत्याचे ५० आणि आपल्या ओढीचे १६, असा ६६ किलोंचा भार येतो. एकेरी कप्पी टांगली असती, तर तोच १०० च्या वर गेला असता.

आता पिळाविषयी, कारण माझा खरा राग तिथेच आहे. दिवाळीपासून दुसऱ्या मजल्याच्या सज्जातून सिलिंडर चढवताना खालची कप्पी फार तर अर्धा वेढा घेई, म्हणून मी दुर्लक्ष केले. गव्हासाठी जोडी गच्चीवर टांगली आणि कप्पी भोवऱ्यासारखी फिरू लागली. दुसऱ्याच दिवशी मी दुकानात जाऊन जोडी बदलून मागितली, तेव्हा दुकानदाराने कप्पीकडे पाहिलेसुद्धा नाही. “दोर बदला,” एवढेच तो म्हणाला. आणखी माल खपवण्याची ही युक्ती आहे, असे समजून मी चार शब्द सुनावून परतलो.

इथे मला माझे मत बदलावे लागत आहे. माझा दोर तीन पेडांचा, वळलेला होता. असा दोर ताणला की त्याचा पीळ उलगडू पाहतो, चारही सरी एकाच दिशेने तसे करतात आणि खालची कप्पी फिरते. सरी एकमेकींपासून दूर आणि आखूड असतात, तेव्हा भारच कप्पीला सरळ ठेवतो. सरी लांबल्या की हा आवर ढिला पडतो. म्हणूनच ६ मीटरवर निभावलेला दोर ९ मीटरवर फसला. पोत्याला दुसरी दोरी बांधून खालून धरून पाहिली. उपाय चालतो, पण त्यासाठी आणखी एक माणूस लागतो आणि हमाल वाचवण्याचा हेतूच बुडतो.

शेवटी विणीचा ५० मीटर दोर घेतला. ४५ मीटर ओवण्यात जातो आणि उरलेला हाती राहतो. गेल्या रविवारी चार पोती एकाही वेढ्याविना वर गेली. दुकानदाराचे म्हणणे बरोबर होते, हे मान्य आहे. मात्र हा दोर कप्प्यांच्या जोडीपेक्षा महाग पडला आणि विकतानाच हे सांगायला त्याला काय झाले होते, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. जुन्या दोरावर आता आईच्या गोधड्या वाळतात.