अँकीवर स्पॅनिशची अनियमित क्रियापदं: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल, मग कारणं. स्पॅनिशच्या वर्तमानकाळातली अनियमित क्रियापदं नुसती ओळखायची नसून तोंडात आणायची असतील, तर अँकी हे फुकट मिळणारं, प्रश्नोत्तरांची कार्डं दाखवून उजळणी करून घेणारं, दिसायला अगदीच रुक्ष सॉफ्टवेअर मला सगळ्यात कामाचं वाटलं. पण एक अट आहे. त्यात क्रियापदांचे तयार तक्ते ओतायचे नाहीत, आणि शब्दात आघात, म्हणजे जोर, कुठे पडतो हे कानाला कळेपर्यंत कार्डं बनवायला बसायचं नाही. ही अट पाळायची नसेल तर छापील तक्ता भिंतीवर लावणं स्वस्तात पडेल.

माझी गरज काय होती ते सांगतो, म्हणजे तुमची वेगळी असेल तर अंदाज येईल. मी पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या कामात आहे आणि आमचे कॉल मेक्सिकोतल्या केरेतारोच्या बाजूला होतात. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तेव्हा तिकडे सकाळचे आठ. ऑफिसातल्या लोकांशी इंग्रजीत भागतं. लाइनवरच्या सुपरवायझरशी भागत नाही. त्यामुळे मला लिहिण्यापेक्षा बोलणं हवं होतं, आणि तेही झटपट. मेक्सिकोत 'बोसोत्रोस' हे स्पेनमधलं 'तुम्ही' रोजच्या बोलण्यात नाहीच, सगळ्यांना 'उस्तेदेस'. म्हणजे तक्त्यातल्या सहा रूपांपैकी एक सरळ वगळता येतं. स्पेनला जाणार असाल किंवा तिकडची पुस्तकं वाचणार असाल तर सहावं रूप ठेवा. खाली उच्चारही मेक्सिकोच्या वळणाने लिहितोय: एच मुका, बी आणि व्ही दोन्हींचा 'ब', जेचा 'ह'.

अँकीच्या आधी एक लोकप्रिय भाषा-अ‍ॅप वापरलं. नाव घेत नाही. रोजची साखळी तुटू नये म्हणून माणूस रात्री पावणेबाराला चार पर्यायांतून एक निवडतो, आणि चार पर्यायांतून 'तेंगो' (माझ्याकडे आहे) ओळखणं आणि समोरचा माणूस थांबलेला असताना 'तेंगो' म्हणणं यांत फार फरक आहे. त्याबद्दल इतकं पुरे.

छापील तक्त्याची अडचण वेगळी आहे. आपण शाळेत संस्कृतची धातुरूपं घोकलेली माणसं. गच्छामि, गच्छावः, गच्छामः अजून झोपेत म्हणू. त्यामुळे तक्ता पाठ होतो पटकन. पण तो पाढ्यासारखा पाठ होतो: सात आठे किती असं अचानक विचारलं की मनातल्या मनात सात एके सातपासून धाव घ्यावी लागते. कॉलवर 'त्यांना शक्य आहे' म्हणायचं असताना 'प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, पोदेमोस' करत शेवटच्या 'प्वेदेन'पर्यंत पोचायला वेळ नसतो.

आता आघाताचं. हे जर कुणी पहिल्या आठवड्यात नीट सांगितलं असतं तर निम्मी मेहनत वाचली असती, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

'पोदेर' म्हणजे शकणे. रूपं: प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, पोदेमोस, प्वेदेन. पाचांपैकी चारांत मूळ बदलतं, 'आम्ही'च्या रूपात बदलत नाही. पुस्तकांत याचं चित्र बुटाच्या आकारात काढलेलं असतं आणि अशा क्रियापदांना बूट-क्रियापदं म्हणतात. चित्र लक्षात राहतं, कारण कळत नाही. कारण असं की प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, प्वेदेन या चारांत जोर पहिल्या अक्षरावर आहे, आणि पोदेमोसमध्ये तो पुढे सरकून 'दे'वर गेला आहे. लॅटिनमधले ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' आघाताखाली आले की स्पॅनिशमध्ये ते फुटले, ए-चा 'ये' आणि ओ-चा 'वे' झाला. आघात सरकला की स्वर पूर्ववत. बस, एवढंच आहे. केरेर (हवं असणे): क्येरो, क्येरेस, क्येरे, केरेमोस, क्येरेन. दोर्मिर (झोपणे): द्वेर्मो, पण दोर्मिमोस. एंपेसार (सुरू करणे): एंप्येसो, पण एंपेसामोस.

गंमत म्हणजे हे फक्त क्रियापदांत नाही. सात म्हणजे स्येते, सत्तर म्हणजे सेतेंता. नऊ न्वेबे, नव्वद नोबेंता. आकडे तर आपण पहिल्या दिवशी शिकतो आणि तिथेच हा नियम उघडा पडलेला असतो! पोर्तुगीजमध्ये ही फूट झालीच नाही. तिथे सात आणि नऊचे स्वर शाबूत राहिले. गोव्यात घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पोर्तुगीज ऐकलेल्यांना स्पॅनिश शब्द ओळखीचे वाटतील, पण हे 'ये' आणि 'वे' त्यांनाही नव्याने सवयीचे करावे लागतील.

स्पेनमध्ये २०१४ साली 'पोदेमोस' नावाचा राजकीय पक्ष निघाला. नावाचा अर्थ 'आपण करू शकतो'. त्यांच्या राजकारणाशी मला देणंघेणं नाही, पण हे रूप फुटत नाही हे मला त्या पक्षामुळे कायमचं लक्षात राहिलं.

तिसरा एक गट आहे, 'ए'चा 'इ' होणारा: पेदिर (मागणे), पिदो, पिदेस, पिदे, पेदिमोस, पिदेन. जागा त्याच, आघात तोच, बदल तेवढा वेगळा. आणि हा गट 'इर'ने संपणाऱ्या क्रियापदांतच सापडतो. 'उ' फुटणारं एकच क्रियापद, हुगार (खेळणे): ह्वेगो, पण हुगामोस.

नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. बदल कुठे होईल हे आघात सांगतो. कोणत्या क्रियापदात होईल हे सांगत नाही. देफेंदेरचं 'देफ्येंदो' होतं, आणि देपेंदेरचं मात्र सरळ 'देपेंदो'. ओफेंदेरचंही 'ओफेंदो'. तिन्ही दिसायला सख्खी भावंडं. कोमेरचं 'कोमो', तिथे 'ओ'ला आघात लागूनही काही होत नाही. हे क्रियापदागणिक पाठ करावंच लागतं, आणि इथेच अँकी खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं: जे विसरायला होतं ते लवकर परत विचारतं, जे पक्कं झालं ते महिनोन्महिने पुढे ढकलतं. २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी वेळापत्रक-पद्धत आली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा.

'मी'च्या रूपांचा प्रश्न वेगळा. तेंगो, बेंगो, पोंगो, सालगो, आगो, दिगो, त्रायगो, ओयगो. इथे आघाताचा संबंध नाही. 'मी'च्या रूपात 'ग' येऊन बसतो, पाठ करा आणि पुढे चला. दुसरी टोळी 'स्को'वाल्यांची: कोनोस्को, पारेस्को, त्रादुस्को. तिसरी 'ओय'ची, आणि ती चारच: सोय, एस्तोय, बोय, दोय. उरली ती एकांडी: से (मला माहीत आहे), बेओ (मी पाहतो). केपो (मी मावतो) हे रूप प्रत्येक यादीत असतं. मला ते अजून एकदाही लागलेलं नाही.

काही क्रियापदं दोन्ही घरचा पाहुणचार घेतात. तेनेर: तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस, त्येनेन. पहिल्यात 'ग', मधे फूट, 'आम्ही'मध्ये दोन्ही नाही. असं एक क्रियापद पक्कं झालं की त्याचं गोत्रच हातात येतं. मांतेनेरचं मांतेंगो, ओब्तेनेरचं ओब्तेंगो. पोनेरवरून प्रोपोंगो आणि सुपोंगो. यांच्यासाठी वेगळी कार्डं बनवू नका, उगाच ढीग वाढतो.

काही क्रियापदं यादीत अनियमित म्हणून घुसवलेली असतात, पण बदलतं ते फक्त स्पेलिंग. स्पेनच्या पुस्तकांत त्याचं लाडकं उदाहरण 'कोहेर' (घेणे, पकडणे): उच्चारात काही फरक नाही, 'मी'च्या रूपात 'जी' या अक्षराच्या जागी 'जे' हे अक्षर येतं इतकंच. मेक्सिकोत हे क्रियापद चारचौघांत वापरू नका. कारण तिथल्या कुणा मित्राला विचारा.

आता प्रत्यक्ष कार्डं. तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, भरपूर मिळतात. मी उतरवलेल्या एकात प्रत्येक कार्डावर क्रियापद आणि मागे सगळी रूपं होती, म्हणजे पुन्हा पाढाच. शेवटी स्वतःचं बनवलं. एका कार्डावर एकच वाक्य, वाक्यात एकच रिकामी जागा, आणि वाक्य खरोखर बोललं जाणारं. 'मान्याना नो ... , तेंगो हुंता', खाली 'पोदेर'. उत्तर 'प्वेदो': उद्या जमणार नाही, मीटिंग आहे. मेक्सिकोत मीटिंगला हुंताच म्हणतात. 'आ के ओरा एंप्येसान?' म्हणजे किती वाजता सुरू करता. 'नो ते ओयगो' म्हणजे तुझा आवाज येत नाहीये. हे शेवटचं वाक्य कॉलवर इतकं लागतं की ओईर हे विचित्र क्रियापद (ओयगो, ओयेस, ओये, ओइमोस, ओयेन) माझं सगळ्यात आधी पक्कं झालं.

उत्तर टाइप करायची सोय अँकीत आहे आणि ती वापराच. चुकलेलं अक्षर रंगात वेगळं दिसतं. 'एस्ता'वरचं आघातचिन्ह राहिलं तर 'आहे'ऐवजी 'ही' असा अर्थ होतो. पर्याय निवडणाऱ्या अ‍ॅपमध्ये हे कधी लक्षातच येत नाही. टाइप करण्याआधी मोठ्याने म्हणायचं, हा माझा नियम. आपल्याला इथे एक फायदा फुकटात आहे: स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना त्यावर घाम गाळावा लागतो.

एक सेटिंग मात्र आधी बदला. रोजची नवी कार्डं मुळात वीस असतात. क्रियापदांसाठी ती फार झाली, चार-पाच पुरेत. गणपतीत किंवा दिवाळीत चार दिवस उघडलं नाही की थकबाकी साठते, आणि आधी वीसने भरलेलं असेल तर ती बघूनच माणूस अ‍ॅप बंद करतो. साठलेली कार्डं एका बैठकीत संपवायची नाहीत, रोज थोडी थोडी उपसायची. खर्चाचं म्हणाल तर संगणकावर आणि अँड्रॉइडवर पैसे लागत नाहीत. आयफोनचं अ‍ॅप विकत घ्यावं लागतं. नको असेल तर ब्राउझरवरही भागतं.

रूप बरोबर आहे का याची शंका आली की मी 'रेआल आकादेमिया एस्पान्योला'चा कोश उघडतो. ही संस्था १७१३ सालची, कोश आंतरजालावर मोफत, आणि क्रियापद शोधलं की तिथेच सगळी रूपं मिळतात. सगळं स्पॅनिशमध्येच आहे, पण तक्ता वाचायला तेवढं स्पॅनिश पुरतं. तयार डेकांमधल्या काही चुका मला तिथेच सापडल्या.

काय जमलं नाही? कार्डावर क्षणात येणारं रूप बोलताना अजूनही कधी कधी अडकतं, विशेषतः वाक्य मनात मराठीतून उभं राहिलं तर. अँकी एकेक रूप पक्कं करतं; दोन रूपं एका वाक्यात सांधायला ते शिकवत नाही. 'नो से सी प्वेदेन' (त्यांना जमेल का मला माहीत नाही) यासारखी जोडवाक्यं मी आता वेगळ्या डेकमध्ये घालतोय. आणि समोर माणूस हवाच. ऐकण्यासाठी मेक्सिकन लोकांचे साधे गप्पांचे पॉडकास्ट बरे, शिकवण्याचे नकोत. त्यांत सगळे शोकसभेत बोलल्यासारखं सावकाश बोलतात.

ज्यांचं काम अर्जेंटिनाशी आहे त्यांना एक बक्षीस आहे. तिथे 'तू'साठी स्पॅनिशमधलं नेहमीचं 'तू' नाही, 'बोस' वापरतात, आणि त्याच्या रूपात आघात शेवटी जातो: पोदेस, तेनेस, केरेस. आघात मुळावरून हटला, त्यामुळे स्वर फुटत नाही. मेक्सिकोचा माणूस जिथे 'प्वेदेस' म्हणतो तिथे ब्वेनोस आयरेसचा 'पोदेस' म्हणतो, आणि दोघेही एकाच नियमाने चाललेले असतात. 'सेर'चं मात्र 'बोस सोस', ते निराळंच.

परीक्षेला दोन आठवडे उरले असतील तर या वाटेला जाऊ नका, त्यांना तक्ताच बरा. सहा महिने हातात आहेत आणि रोज पंधरा-वीस मिनिटं निघतात, अशांनी जरूर करावं. सुरुवात सेर, एस्तार, तेनेर, इर, आसेर, पोदेर, केरेर, देसिर, साबेर, बेर, दार, ओईर एवढ्यांवर करा. रोजच्या बोलण्यातलं बरंच काही यांतच येतं.

मी आता भूतकाळाची कार्डं बनवायला घेतली आहेत. तिथे प्रकरण उलटं आहे: 'मी' आणि 'तो'च्या नियमित रूपांत आघात शेवटी जातो, आणि तुबे, इसे, पुसे, दिहे या अनियमितांत तो मुळावरच राहतो. त्यांची थकबाकी किती साठते ते बघून पुढचं लिहीन.