नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ : चित्र उत्तम, वायरलेस सुरक्षा नावापुरती

नाशिकमधील मुंबई नाक्याजवळच्या एका दुकानातून मी माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. पडदा उन्हातही स्पष्ट दिसतो, रिव्हर्स गिअर टाकताच कॅमेऱ्याचे चित्र येते, आणि कारागिराने मूळ वायरिंग कुठेही न कापता कपलर जोडून काम केले, याबद्दल दुकानाचे कौतुक केलेच पाहिजे. आवाज ठीक आहे. वायरलेस सुरक्षेच्या बाबतीत मात्र या यंत्राने माझी पूर्ण निराशा केली.

गाडी सुरू होताच स्टिरिओचा वाय-फाय हॉटस्पॉट आपोआप चालू होतो, कारण वायरलेस कारप्ले (आयफोनवरील नकाशे, गाणी गाडीच्या पडद्यावर दाखवणारी अ‍ॅपलची सोय) त्यावरच चालतो. त्याचा पासवर्ड १२३४५६७८ आहे आणि तो बदलला, तरी बॅटरीची तार काढून पुन्हा लावली की जुनाच परत येतो. ब्लूटूथचा पिन ०००० असून तो बदलण्याची सोयच दिलेली नाही. खोक्यावर 'अँड्रॉइड १३' असे छापले आहे, परंतु सेटिंगमध्ये सुरक्षा पॅचची, म्हणजे त्रुटी बुजवणाऱ्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख २०१९ सालची दिसते.

हे किती गंभीर आहे, ते अलीकडच्या संशोधनावरून कळते. एप्रिल २०२५ मध्ये ऑलिगो या सायबर सुरक्षा कंपनीने एअरप्लेमधील, म्हणजे आवाज व चित्र वायरलेस पाठवण्याच्या अ‍ॅपलच्या पद्धतीतील, 'एअरबोर्न' नावाच्या त्रुटी जाहीर केल्या. हॉटस्पॉटचा पासवर्ड सहज ओळखता येण्याजोगा असेल, तर जवळपासची व्यक्ती कारप्लेच्या यंत्रावर स्वतःचा कोड चालवू शकते, असे त्यांनी दाखवले. अ‍ॅपलने दुरुस्ती दिली, पण ती प्रत्येक उत्पादकाने स्वतः आपल्या यंत्रापर्यंत पोहोचवावी लागते. याबाबतीत मोठ्या कंपन्याही मागे पडतात : मर्सिडीज, फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या यंत्रणांमध्ये सापडलेल्या 'परफेक्टब्लू' या ब्लूटूथ त्रुटींची दुरुस्ती मूळ सॉफ्टवेअर कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्येच दिली होती, तरी जुलै २०२५ मध्ये त्या जाहीर झाल्या तेव्हा ती सगळ्या गाड्यांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

२०१५ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी जीप चेरोकी ही गाडी दुरून ताब्यात घेऊन दाखवल्यावर कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. माझा स्टिरिओ मात्र गाडीच्या यंत्रणेशी फक्त स्टिअरिंगवरील बटणांपुरता जोडलेला आहे, त्यामुळे कोणी दुरून ब्रेक ताब्यात घेईल ही भीती येथे गैरलागू आहे. खरा धोका मायक्रोफोनचा, फोनमधून उतरलेल्या संपर्क यादीचा आणि जीपीएसचा आहे. द्वारका चौकातल्या कोंडीत शेजारची गाडी हॉटस्पॉटच्या टप्प्यात आरामात असते.

अपडेटविषयी विचारले असता दुकानदारांनी काहीही न लपवता सांगितले, "साहेब, याला अपडेट येत नाही, थेट नवीन मॉडेलच येतं." मी संपर्क यादीची परवानगी काढून घेतली, गुगल खाते जोडले नाही, आणि कारप्ले बंद ठेवून नकाशा फोनवरच पाहतो. घेणाऱ्यांनी दुकानातच यंत्र चालू करायला लावून पॅचची तारीख पाहावी, पासवर्ड बदलून तार काढून लावून पाहावी, आणि मगच पैसे द्यावेत.