पेनड्राइव्ह की लिंक? टीव्हीवरचा कार्यक्रम वर्गात दाखवताना

टीव्हीवरचा एखादा कार्यक्रम वर्गात दाखवायचा तर आम्हा मास्तरांपुढे दोन वाटा असतात. लागला की सेट टॉप बॉक्सवर रेकॉर्ड करायचा, नाहीतर वाहिनीने नंतर नेटवर टाकलेली लिंक लावायची. नववीच्या भूगोलाला मी तीन वर्षं लिंकच लावत होतो, कारण ‘रेकॉर्ड करणं म्हणजे चोरी’ हे आमच्या स्टाफरूममध्ये ठरूनच गेलं होतं.

तसं ते नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ म्हणतं, निव्वळ शिकवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या रेकॉर्डिंगने प्रसारकाच्या, म्हणजे वाहिनीच्या, हक्काचा भंग होत नाही. अमेरिकेत शाळांसाठीच्या टीव्ही रेकॉर्डिंगच्या १९८१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दहा शालेय दिवसांत दाखवा, ४५ दिवसांत पुसा अशी मुदत आहे. आपल्या कलमात तसली मुदत नाही. मात्र ही सवलत प्रसारकाच्या हक्कापुरती. कार्यक्रमात सिनेमाचा तुकडा किंवा गाणं असेल तर त्याचा मालक वेगळा, आणि तिथे कलम ५२ बघायचं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेली प्रत त्यात बसते. चित्रपट दाखवणंही बसतं, पण समोर विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसंच हवीत. ‘शिकवण्याच्या ओघात’चा अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात (विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली पानं झेरॉक्स करण्याबद्दलच्या) बराच ऐसपैस लावला. ते प्रकरण पुस्तकांचं होतं आणि मी काही वकील नाही, तेव्हा जास्त छातीठोकपणे बोलत नाही.

लिंकची सोय कबूल करायलाच हवी. वाहिनीने स्वतः टाकलेली असेल तर कायद्याची फार चिंता नाही, आणि गैरहजर मुलाला ती घरी पाठवता येते. पण नेट दगा देईल म्हणून आधीच डाउनलोड करून ठेवावं, तर बहुतेक सेवांच्या अटींत ते बसत नाही. म्हणजे टीव्हीवरून उतरवलं तर कायदा सांभाळून घेतो, आणि तेच नेटवरून उतरवलं तर अटी आडव्या येतात. गंमतच आहे!

माझं मन फिरलं ते एका वर्कशीटमुळे. जमिनीच्या धुपेवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. रविवारभर बसून प्रश्न काढले, प्रत्येकासमोर वेळ टाकली: ७:४० ला थांबवा, बांधाचा उतार बघा, ११:१० ला ओढ्याच्या पाण्याचा रंग. बेचाळीस झेरॉक्स काढल्या. मंगळवारी तिसऱ्या तासाला लिंक लावली, तर ‘हा व्हिडिओ उपलब्ध नाही’. शोधाशोध करून तोच कार्यक्रम दुसरीकडे मिळाला, पण सुरुवात कापलेली. सगळ्या वेळा चुकल्या. ७:४० ला पडद्यावर निवेदिका, आणि पोरं विचारतायत, ‘सर, उतार कुठाय?’

त्यानंतर मी रेकॉर्डिंगकडे वळलो. बॉक्स मात्र बघून निवडावा. घरच्या खासगी डीटीएचच्या बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालायचं, शाळेत नेऊन उपयोग शून्य. रेकॉर्डिंगवरचं डिजिटल कुलूप तोडायच्या भानगडीत पडलो नाही. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ त्याबद्दलच आहे. त्यात शिक्षकाला वाट मिळेलही, पण एका तासिकेसाठी कोण भांडत बसणार? दूरदर्शनच्या फ्री डिशचा माझा साधा बॉक्स सरळ पेनड्राइव्हवर फाइल देतो, ती शाळेच्या लॅपटॉपवर चालते. सह्याद्री आणि पीएम ई-विद्याच्या सरकारी शैक्षणिक वाहिन्या त्यावर लागतात, माझं तेवढ्यात भागतं. कार्यक्रमाची वेळ सांभाळावी लागते आणि लाइट गेली की सगळं मुसळ केरात, हे आहेच. पण ७:४० ला उतार दिसतो.

पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून ‘फक्त वर्ग’ असं लिहिलंय. गणपतीत मंडळाच्या पोरांनी तो मागितला, पडदा बांधून गावाला दाखवायला. दिला नाही, तर दोन दिवस कोणी धड बोललं नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फाइल टाकत नाही. तास बुडालेला मुलगा मधल्या सुट्टीत डबा घेऊन येतो आणि लॅपटॉपवर बघून जातो.