हवासू तळ्याकाठी हिवाळा काढायचाय? आधी मीटरचा फोटो काढा

हवासू तळ्याकाठच्या आरव्ही पार्कात, म्हणजे ट्रेलर किंवा चालतं घर (आरव्ही) उभं करून राहायच्या तळावर, साइट (गाडी उभी करायची जागा) देतो म्हणून फसवतात. या फसवणुकीचा शेवट बहुतेक वेळा पार्कच्या दारातच होतो. शिकागोहून किंवा टोरांटोहून तीन-चार दिवस गाडी हाकत माणसं ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटीला पोचतात. मागे तीस फुटी ट्रेलर असतो, हातात बुकिंगची प्रिंट असते. प्रिंटवर साइटचा नंबर असतो, पार्कचं बोधचिन्ह असतं, तळ्याचा फोटोही असतो. ऑफिसमधली बाई संगणकात बघते आणि म्हणते, या नावाचं बुकिंगच नाही. पैसे ऑगस्टमध्येच झेलने (बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सेवा) गेलेले असतात आणि ज्याला गेले तो नंबर आता बंद असतो.

असं याच गावात का होतं, ते जागेच्या गणितात आहे. १९३८ साली पूर्ण झालेल्या पार्कर धरणामुळे कोलोराडो नदीचं इथे तळं झालं. लंडनचा जुना पूल दगड-दगड सुटा करून इथे आणला आणि १९७१ साली उघडला, तेव्हापासून गावाचं नाव झालं. डिसेंबर-जानेवारीत दिवसा स्वेटर पुरतो आणि पाइप गोठण्याची धास्ती क्वचितच असते. त्यामुळे उत्तरेकडचे निवृत्त लोक नोव्हेंबर ते मार्च इथे मुक्कामाला येतात. त्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात, आणि त्यांत मराठी जोडपीही असतात. पण काठावरची बरीचशी जमीन राज्याची किंवा केंद्र सरकारची. अगदी पाण्यालगतची खासगी पार्कं थोडी, आणि त्यांत गेल्या वर्षीच्या माणसांना पहिला हक्क. म्हणून ऐन ऑगस्टमध्ये पाण्यालगतची साइट, तीही चालू भावापेक्षा स्वस्त, हीच पहिली शंकेची जागा.

जाहिरातीतले शब्द नीट वाचा. ‘लेक व्ह्यू’ म्हणजे दुरून तळं दिसतं, ‘लेक ॲक्सेस’ म्हणजे गाडीने पाण्यापाशी जाता येतं, आणि ‘लेकसाइड’ म्हणजे काय ते लिहिणाऱ्यालाच माहीत. उपग्रहाच्या नकाशावर साइटपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. पार्कर स्ट्रिप हा धरणाखालचा नदीचा पट्टा. तिथली पार्कं वाईट नाहीत, पण ते तळं नव्हे, आणि तळ्याचा भाव तिथे देऊ नये.

बुकिंग पडताळताना जाहिरातीतला फोन नंबर वापरूच नका. पार्कचा नंबर स्वतः शोधा, ऑफिसला फोन करा आणि नेमकं एवढंच विचारा: अमुक नंबरची साइट, अमुक तारखा, माझ्या नावावर लागल्यात का? पार्क खरं, फोटो खरे आणि फक्त पैसे घेणारा खोटा, हाच इथला नेहमीचा प्रकार असल्यामुळे पार्क अस्तित्वात आहे एवढं बघून काही सिद्ध होत नाही.

आपल्या लोकांना गाठणारी वाट वेगळी. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, ‘ओळखीच्यांची साइट आहे, यंदा ते येत नाहीयेत, कुणाला हवी का?’ विचारलं तर उत्तर, ‘आपल्यातलेच आहेत हो.’ मेसेज टाकणारा बहुधा प्रामाणिक असतो, त्याने फक्त पुढे ढकललेलं असतं, आणि मूळ माणूस कोण हे साखळीतल्या कुणालाच माहीत नसतं. बरं, साइट खरोखर त्या माणसाच्या नावावर असली तरी बऱ्याच पार्कांच्या करारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असते. मग पैसे घेणारा खरा आणि तुम्ही मात्र बेकायदा. मॅनेजरची लेखी संमती ई-मेलवर आल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. खासगी प्लॉट असेल तर मोहावे काउंटीच्या असेसरच्या (मालमत्तांची करासाठी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर मालकाचं नाव बघा. निवासी भागात आरव्हीत राहायला शहरांचे नियम सहसा आडवे येतात, ते शहराच्या झोनिंग (जमीनवापराच्या) कार्यालयात आधी विचारा.

पैसे क्रेडिट कार्डाने आणि शक्य तितके थोडे आगाऊ द्या. झेलने तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे बँक सहसा परत आणून देत नाही. ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलात’ हे उत्तर तयार असतं. कार्डाचं संरक्षण चांगलं, पण त्याला घड्याळ आहे. अमेरिकी कायद्यानुसार चुकीची रक्कम ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवायचं असतं. ऑगस्टमध्ये पैसे भरून फसवणूक नोव्हेंबरात कळली, तर ही मुदत बहुधा उलटून गेलेली असते. काही बँका त्यानंतरही तक्रार घेतात, पण ती त्यांची मर्जी. म्हणून आधी फक्त अनामत, आणि भाडं पोचल्यावर.

एवढं करून खऱ्या पार्कमध्ये खऱ्या साइटवर पोचलात, की दुसरा अध्याय सुरू होतो. हा बारीक बारीक रकमांचा असतो आणि महिन्याच्या भाड्यात वीज धरलेली नसल्यामुळे तो मुख्यतः मीटरपाशी घडतो.

मीटर मुद्दाम जोरात पळेल असा केलेला असतो, ही शंका सगळ्यांनाच येते. प्रत्यक्षात तसं क्वचित. घोळ असतो माणसाच्या हातात: सुरुवातीचं रीडिंग, युनिटचा दर, आणि कोणता मीटर कोणाचा. आधीच्या मुक्कामकऱ्याची शेवटची शंभर-दीडशे युनिटं तुमच्या बिलात सहज ढकलता येतात. म्हणून केबल खोचण्याआधी मीटरचा फोटो काढा, त्यात साइटचा नंबर दिसला पाहिजे, आणि तो त्याच दिवशी ऑफिसला ई-मेल करा. जुन्या काट्यांच्या मीटरमध्ये शेजारशेजारच्या तबकड्या उलटसुलट फिरतात. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा वाचायचा, आणि ९ व ० यांच्या मध्ये असेल तर ९.

मग चाचणी. ट्रेलरमधला मुख्य ब्रेकर पाडा. मीटरची चकती थांबली पाहिजे. फिरत राहिली तर शेजारची साइट किंवा वाटेवरचा दिवा तुमच्या मीटरवर आहे. एकाच खांबावर दोन मीटर असतील तर डावं-उजवं उलटं नोंदलेलं असू शकतं, तेही इथेच उघडं पडतं. नंतर ब्रेकर चढवून बाकी सगळं बंद ठेवा, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टरसुद्धा, आणि फक्त १५०० वॉटचा हीटर लावा. मीटरच्या पाटीवर ‘केएच ७.२’ असं लिहिलेलं असेल तर एका फेरीला ७.२ वॉट-तास. म्हणजे १५०० वॉटला एक फेरी साधारण १७ सेकंदांत. दहा फेऱ्या मोजा, तीन मिनिटांच्या आसपास लागली पाहिजेत. विजेचा दाब (व्होल्टेज) थोडा कमी असेल तर हीटरही कमी ओढतो, त्यामुळे थोडा जास्त वेळ लागला तर बिघडत नाही. दोन मिनिटांत उरकलं तर मॅनेजरला बोलावून समोर मोजून दाखवा.

दराचंही तसंच. हीटर रात्री आठ तास चालला तर १२ युनिटं, महिन्याला ३६०. पार्कने युनिटमागे पाच सेंट जरी वर लावले तरी एका हीटरवर १८ डॉलर. गावात वीज युनिसोर्स पुरवते, तिचा घरगुती दर जाहीर असतो, तो शेजारी ठेवून बघा. १८० दिवसांपेक्षा जास्त काळासाठी घेतलेल्या आरव्ही जागेला ॲरिझोनात स्वतंत्र भाडेकायदा आहे. पण १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हे भरतात १५१ दिवस. म्हणजे हंगामी माणूस त्या कायद्याच्या बाहेर, आणि करारात जे लिहिलंय तेवढंच त्याचं. युनिटचा दर, रीडिंगची तारीख आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार, हे तिन्ही लिहून घ्या.

विजेच्या खांबाची आणखी एक बाजू आहे, आणि ती बिलापेक्षा महागात जाते. ५० अँपिअरच्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये १२० व्होल्टच्या दोन फेज असतात. न्यूट्रल सैल झाला की एका बाजूला ८० आणि दुसऱ्या बाजूला १६० असं काहीही होतं आणि मायक्रोवेव्ह, फ्रीजचा बोर्ड, टीव्ही एका झटक्यात जातात. पार्क म्हणतं, दोष तुमच्या ट्रेलरचा. खासगी प्लॉटवर दुसराच धोका: ३० अँपिअरच्या तीन पिनांच्या सॉकेटला १२० व्होल्ट हवेत, पण आरव्हीचं काम कधी न केलेला वायरमन ते कपडे वाळवायच्या मशीनचं समजून २४० जोडून ठेवतो. त्यामुळे खांब आणि ट्रेलर यांच्या मध्ये दाब दाखवणारा, चुकीची जोडणी असली तर वीज पुढे न सोडणारा संरक्षक लावा. दोन-तीनशे डॉलर जातात, ते जाऊ द्या. विजेची लाट (सर्ज) तेवढी अडवणारी साधी स्वस्त पट्टी यात कामाची नाही. पहिल्या दिवशी त्याच्या पडद्याचा फोटो काढा, हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू असतानाचाही. भार पडल्यावर दाब १०८ व्होल्टच्या खाली जात असेल तर दुसरी साइट मागा. ‘५० अँपिअर’ म्हणून जास्त भाडं घेतलेल्या खांबावर ५०चं सॉकेट मेलेलं असणं हाही प्रकार आहे, तेव्हा अडॅप्टरने ३०वर भागवून गप्प बसू नका.

गॅसचं सोपं आहे, कारण वजन खोटं बोलत नाही, आणि भारतात जाताना बॅगा मोजायचा हुकाचा काटा आपल्या घरोघर असतोच. सिलिंडरच्या कड्यावर ‘टीडब्ल्यू’ पुढे रिकामं वजन कोरलेलं असतं. २० पौंडी सिलिंडर रिकामा साधारण १७ पौंड, भरलेला ३७ भरावा. अदलाबदलीच्या पिंजऱ्यातल्या सिलिंडरात बऱ्याचदा १५ पौंडच असतात. वेष्टणावर बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं, त्यामुळे कायद्याने ती फसवणूक ठरत नाही, पण भाव पौंडावर काढून बघा. साइटवर येऊन भरून देणारा गॅलनवर बिल करतो. ३० पौंडी सिलिंडरात ८० टक्क्यांच्या मर्यादेला सुमारे ७ गॅलन बसतात, तेही पूर्ण रिकामा असेल तर. त्याच्या बिलावर साडेआठ दिसले तर जागीच विचारा.

फसलोच तर त्याच दिवशी बँकेला फोन, मग एफबीआयच्या आयसी३ (इंटरनेट गुन्ह्यांचं तक्रार केंद्र) आणि ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलकडे ऑनलाइन तक्रार. मेसेज, पावती, फोन नंबर काहीही पुसू नका, रागाने ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

मार्चअखेर निघताना केबल काढल्यावर मीटरचा दुसरा फोटो काढा आणि मॅनेजरकडून शेवटच्या रीडिंगवर सही घ्या. रिकाम्या साइटचे चारही बाजूंनी फोटो हवेत: सिमेंटचा चौथरा, सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड आणि त्याचं झाकण. अनामतीतून पैसे कापताना या झाकणाचं नाव फार वेळा येतं. हरवलं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून दुसरं आणून लावा आणि मग फोटो काढा.