दीपगृहाचा प्रात्यक्षिक संच : भिंग चांगले, पुस्तिका त्याहून चांगली

आर्वी तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी हा संच साडेआठशे रुपयांना घेतला. पुठ्ठ्याचा जोडायचा मनोरा, एलईडी दिवा, प्लॅस्टिकचे फ्रेनेल भिंग, ते दिव्याभोवती फिरवणारी बॅटरीवरची मोटार आणि एक मराठी पुस्तिका एवढे साहित्य त्यात मिळते.

भिंग हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. त्यावरून बोट फिरवले की एकाभोवती एक अशा गोल खाचा लागतात. प्रत्येक खाचेचा उतार किंचित निराळा असल्यामुळे चहूकडे पांगणारा उजेड वळून एका दिशेने जातो आणि जाडजूड भिंगाचे काम पातळ भिंगावर भागते. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने तयार केलेले असे भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआनच्या दीपगृहात प्रथम लागले. वर्गाच्या खिडक्या झाकून दिवा लावल्यावर भिंतीवरून फिरणारा झोत मुलांनी आपणहून मोजायला सुरुवात केली. त्यामुळे खलाशी झोताच्या लयीवरून दीपगृह ओळखतो, आणि म्हणूनच जवळपासच्या दोन दीपगृहांची लय सारखी ठेवत नाहीत, हे समजावून सांगायला वेळ लागला नाही.

पुस्तिकेत मुंबई बंदराच्या वाटेवरील दिव्यांचा इतिहास आहे. थळसमोरच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधाला न जुमानता किल्ला उभारला. त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रजी अमलात दीपगृह झाले, आणि १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. कुलाब्याच्या दक्षिणेला समुद्रातच उभे असलेले प्रॉन्ग्ज दीपगृह १८७५ चे आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती रखवालदारांवरची पाने. वीज येण्यापूर्वी दिवा तेलावर जळत असे आणि भिंग फिरवण्यासाठी मनोऱ्याच्या पोकळीत एक जड वजन टांगलेले असे. ते हळूहळू खाली उतरताना चाके फिरत आणि तळाशी पोहोचण्याआधी ते पुन्हा वर चढवावे लागे. हे काम रात्रभर आळीपाळीने चाले. सकाळी काजळी पुसायची, भिंग लख्ख करायचे आणि मग दिवसभरासाठी पडदे ओढायचे, कारण उघड्या भिंगातून आलेले ऊन एका ठिकाणी एकवटले तर आग लागू शकते. कित्येक ठिकाणी टनावारी वजनाचे भिंग पाऱ्यावर तरंगत ठेवलेले असे, म्हणून ते बोटाच्या धक्क्यानेही फिरे. पण त्या पाऱ्याची वाफ विषारी होती. आमच्याकडे रानडुकरांमुळे पिकात रात्र-रात्र जागल करावी लागते. वडिलांबरोबर मचाणावर बसलेल्या मुलांना या माणसांच्या रात्री कशा गेल्या असतील ते लगेच उमगले.

संचाबद्दलची माझी मुख्य तक्रारही इथेच आहे. मोटारीचे बटण दाबले की भिंग फिरू लागते आणि ज्या श्रमाविषयी पुस्तिका इतक्या जिव्हाळ्याने सांगते, तो श्रम मुलांच्या हाताला लागतच नाही. मोटारीऐवजी दोरी, वजन आणि दोन दातेरी चाके दिली असती तर संच स्वस्त झाला असता आणि खराही. आम्ही सायकलच्या दुकानातून आणलेले जुने चाक आणि वाळूची पिशवी वापरून तशी जोडणी केली; भिंग थोडे अडखळत फिरते, पण पिशवी वर ओढण्यासाठी मुलांची पाळी लागलेली असते. रखवालदारांच्या कुटुंबांविषयी पुस्तिकेत एक ओळही नाही, हीसुद्धा उणीवच म्हणावी लागेल. भारतातील दीपगृहांसाठीचा १९२७ चा कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला, हे मात्र नीट दिले आहे.

मनोऱ्याचा पुठ्ठा पातळ आहे, त्यामुळे तळाला लाकडी पाट खिळ्यांनी ठोकून घ्यावा. पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी संच अवश्य घ्यावा, मात्र आधी पुस्तिका वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी आणि मगच मनोरा जोडायला घ्यावा.