पक्की जाळी की उघडती?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका स्नेही दांपत्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता काही काळ घरी सांभाळायला, सात वर्षांची मुलगी येणार आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांना भिंतीत पक्की जाळी बसवावी की बिजागरीची, कुलूप लागणारी, यावर त्यांचे एकमत होत नाही.

पडण्यापासून दोन्ही सारख्याच वाचवतात. मात्र गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी आणि पाय रोवून चढता येईल अशी आडवी नक्षी नसावी. पक्की जाळी स्वस्त पडते. उघडतीची बिजागरी वडोदऱ्याच्या पावसाळ्यात गंजून करकरू लागते, म्हणून तिला अधूनमधून तेल द्यावे लागते.

खरा फरक आगीच्या वेळी पडतो. जिना धुराने भरला तर पक्क्या जाळीमागची खोली म्हणजे पिंजराच. उघडतीतून बाहेर पडता येते, पण किल्ली मुलीच्या हाताला न लागणाऱ्या आणि मोठ्यांना अंधारातही सापडणाऱ्या खिळ्यावर असेल तरच. कपाटातली किल्ली नसल्यासारखीच! खोलीच्या दाराची बाहेरची कडी मात्र काढूनच टाकावी, कारण नव्या घरात आलेल्या मुलीला ती कोंडल्यासारखी वाटेल.

दोन जिने असलेल्या घराला पक्की जाळी पुरते. यांच्याकडे जिना एकच आहे, तेव्हा निजायच्या खोलीची जाळी उघडती ठेवून बाकीच्या पक्क्या कराव्यात.