तुर्की शिकवणारं ॲप: वर्गणी संपत आल्यावरचा अनुभव

वर्गणी पुन्हा भरायची वेळ आली आणि नेमकी त्याच आठवड्यात ॲपनं 'हेर साबाह येदिदे काल्कियोरुम' (रोज सकाळी सातला उठतो) या वाक्यावर लाल फुली मारली. म्हणे 'काल्कारिम'च हवं. इस्तंबूलमधली माणसं बोलताना रोजच्या गोष्टींना सर्रास '-इयोर' लावतात. एवढं साधं वाक्य चुकीचं ठरवायचं आणि वर वर्षाचे पैसे एकरकमी मागायचे!

(तुर्कीतले दोन-तीन स्वर देवनागरीत बसत नाहीत, तेव्हा उच्चार जवळपासचे समजा.)

ॲपचा नियम असा: रोजचं असेल तर '-र', आत्ताचं असेल तर '-इयोर'. हे अर्धंच खरं. '-र' म्हणजे स्वभाव, रीत, वेळापत्रक. '-इयोर' म्हणजे सध्या चाललेलं, मग ते या क्षणाचं असो की या दिवसांतलं. नकारात हा फरक लगेच कळतो. 'सिगारा इचमेम' म्हणजे ओढतच नाही, माझ्या रीतीत नाही. 'सिगारा इचमियोरुम' म्हणजे सध्या ओढत नाही, कदाचित नुकतीच सोडली असेल. मराठीत दोन्हीला 'ओढत नाही' चालतं, म्हणून आपण इथेच घसरतो. ॲप यावर चकार शब्द काढत नाही. भूतकाळातल्या सवयीला मात्र मराठी कामाला येते. 'गिदेरदिम' म्हणजे सरळ आपलं 'जायचो' किंवा 'जात असे', समजायला कष्ट नाहीत.

आता मुख्य दुखणं. '-र' लावायचा नियम सोपा आहे. धातूच्या शेवटी स्वर असेल तर नुसता 'र': ओकुर (वाचतो). एकाहून जास्त अवयव (उच्चारताना पडणारे तुकडे) असून शेवटी व्यंजन असेल तर 'इर' आणि त्याची स्वरमेळानुसार (धातूतल्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो) होणारी रूपं: चालिशिर, कोनुशुर. एकाच अवयवाचा धातू असेल तर 'एर' किंवा 'आर': इचेर, यापार, काल्कार. याला अपवाद फक्त तेरा: आलिर, बिलिर, बुलुर, दुरुर, गेलिर, ग्योरुर, कालिर, ओलुर, ओलुर (यातला एक 'होतो', दुसरा 'मरतो', स्वर नीट काढा, नाहीतर पंचाईत), सानिर, वारिर, वेरिर, वुरुर.

ॲप हे तेरा पाठ करायला लावतं आणि पुढे सरकतं. सगळ्यांच्या शेवटी ल, र किंवा न आहे, हे सांगत नाही. सांगितलं असतं तरी अर्धंच काम झालं असतं, कारण खरा सापळा उलटा आहे. सोर-, गिर-, सिल-, बिन-, दोन- यांच्याही शेवटी तीच व्यंजनं आहेत, पण ते नियमानं चालतात: सोरार, गिरेर, सिलेर, बिनेर, दोनेर. दोनेर कबाब म्हणजे फिरणारा कबाब, तो आठवला की 'दोनुर' तोंडात येणार नाही. आणि सगळ्यात मोठा दिलासा ॲपनं लपवूनच ठेवलाय: नकारात हे तेराही अपवाद नाहीसे होतात. गेलमेझ, आलमाझ, वेरमेझ, सगळे एकाच साच्यातले. फक्त 'मी' आणि 'आम्ही' सांभाळा: गेलमेम, गेलमेयिझ. प्रश्न विचारला की गेलेला 'झ' परत येतो: गेलमेझ मियिम?

आणखी एक खोडी. गित- चं 'गिदेर' आणि एत- चं 'एदेर' होतं, पण यात- (झोपायला जाणं) तसाच राहतो: यातारिम. दिनचर्या सांगताना हे तिन्ही लागतातच, तरी ॲपनं ते तीन वेगवेगळ्या धड्यांत टाकलेत.

इथवर दोन तारे देणार होतो. पण नेहमीचा क्रम मोडतो तेव्हा काय बोलायचं, तो भाग काढला आणि मत बदललं. 'कापालीचार्शी पाझार हारिच हेर ग्युन आचिक', म्हणजे तो छताखालचा जुना बाजार रविवार सोडून रोज उघडा. तोपकापी राजवाड्याला मंगळवारी सुट्टी, तिथे 'साली हारिच'. 'हारिच' नामामागे आपल्या 'सोडून'सारखंच बसतं, नामाला विभक्ती लागत नाही. माणसाबद्दल बोलताना 'बेनिम दिशिम्दा' किंवा 'बेंदेन बाश्का' (दोन्ही म्हणजे माझ्याखेरीज), दुसऱ्यात पंचमी. हे सगळं ॲपनं नीट, भरपूर सरावासह दिलंय. 'गेनेल्लिक्ले चाय इचेरिम आमा बुग्युन काहवे इचियोरुम' (एरवी चहा, आज कॉफी) हे वाक्य तर दोन काळांचा फरक एका दमात दाखवतं. मग तेच आधीच्या धड्यात का नाही दिलं?

साध्या विधानात 'हिच' (अजिबात) आणि 'अस्ला' (कधीच) यांच्यामागून क्रियापद नकारातच येतं, 'नादिरेन' (क्वचित) मात्र होकारात. '-मादिक्चा' हे रूप शिकाच: 'यामुर यामादिक्चा युरुरुम', पाऊस नसेल तोवर चालत जातो. यात नकार आधीच आहे, पुढचं क्रियापद पुन्हा नकारात टाकलं की अर्थ उलटतो.

शेवटचं, फोनवर तुर्की कीबोर्ड चालू करून घ्या. ठिपक्याचा आणि बिनठिपक्याचा 'इ' ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि चुकीचं पडलं की ॲप गुण कापतं. इथे ॲपचंच बरोबर आहे.

तीन तारे. वर्षाची वर्गणी नाही भरली, एका महिन्याची घेतली. अपवादांचा भाग तेवढ्यात सहज उरकतो.